एआरमध्ये येताय? मग आधी सोफा जमिनीवर टेकवायला शिका

एआर म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून खऱ्या खोलीत खोटी वस्तू ठेवलेली दाखवणं. मी पुण्यात एका छोट्या टीममध्ये एआर डिझायनर म्हणून लागले तेव्हा मला वाटायचं वस्तूचं थ्रीडी मॉडेल झक्कास झालं की झालं काम. फर्निचर घरात ठेवून बघायचं ॲप होतं, म्हणजे २०१७ ला ॲपलचं एआरकिट, एआर ॲप बनवायची साधनं, आलं आणि त्याच वर्षी आयकियाने प्लेस नावाचं ॲप काढलं ना, त्याच धर्तीचं. सोफ्याच्या कापडाचा पोत करण्यात तीन आठवडे घालवले आणि मग आत्याच्या हातात फोन दिला तर ती म्हणते, "अगं, हा टेकलाच नाहीये की!"

पोत तिने बघितलाही नाही. पायांखाली सावली नव्हती, बस. ती पुसटशी काळी कड टाकली आणि सोफा बसला.

मग आवाज. पाटावर उशी आपटून रेकॉर्ड केला, छान धप्प आला, पण सोफा टेकल्यावर क्षणभराने वाजायचा आणि तेवढ्यानेच सगळं खोटं वाटायचं, त्यापेक्षा आवाज नसलेला बरा. दिसणं, ऐकू येणं आणि हाताला जाणवणं जवळजवळ एकाच क्षणी आलं तरच मेंदू त्याला एक घटना मानतो.

व्हायब्रेशनने तर रडवलं. युनिटी, म्हणजे आम्ही ज्यात ॲप बनवतो ते सॉफ्टवेअर, त्याची साधी कमांड अँड्रॉइडवर कॉल आल्यासारखी घर्रर्र करते, बारीक टिचकी हवी तर अँड्रॉइड ८ पासून वेळ आणि जोर ठरवता येतो तो वापरा. तरी स्वस्त फोनमधली मोटर म्हणजे फिरणारं वजन, ते वेग घेईपर्यंत तुमची १० मिलिसेकंदांची टिचकी संपलेली असते! आयफोनवर वेगळीच गंमत, आम्ही बोलून नोट टाकायची सोय दिली आणि व्हायब्रेशन गायब, दोन दिवस कोड उकरला. माइक रेकॉर्ड करत असताना आयफोन ते आपणहून बंद ठेवतो, आयओएस १३ पासून चालू ठेवायचं सेटिंग आहे.

टेस्टिंग ऑफिसच्या कार्पेटवर करू नका हं. घरोघरी चकचकीत पांढऱ्या टाइल्स असतात, त्यावर कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडत नाही, शहाबादी फरशीवर मात्र पटकन पकडतो.

आणि पोर्टफोलिओत नुसता व्हिडिओ लावू नका, त्यात व्हायब्रेशन कळत नाही. कोणत्या मिलिसेकंदाला काय होतं त्याची टाइमलाइन काढून लावा आणि इंटरव्ह्यूला चार्ज केलेला फोन घेऊन जा, समोरच्याच्या हातात द्या.