१०८ वर नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

बीएएमएस करून १०८ रुग्णवाहिकेवर रुजू झालात की सीपीआर, व्हेंटिलेटर, मॉनिटर यांचं प्रशिक्षण मिळतं. सरकारी गाडीतला पेशंट खासगी हॉस्पिटलच्या ताब्यात कसा द्यायचा, हे मात्र गाडीवरच शिकावं लागतं.

मुळात १०८ हीच सरकारी-खासगी भागीदारी आहे. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सेवा सुरू झाली. त्यात २३३ एएलएस (व्हेंटिलेटरसह प्रगत सोयींच्या), बाकी बीएलएस (प्राथमिक सोयींच्या). पैसा आणि देखरेख सरकारची, चालवणारी कंपनी खासगी. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात तुम्ही ‘कंपनीचे’ आणि खासगीत ‘सरकारी’. ओळख आपणच वाढवायची. सवडीने आसपासच्या कॅज्युअल्टीत जाऊन सिस्टर आणि सीएमओंना (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) भेटा. रात्री सीटी कुठे चालू असतं, न्यूरोसर्जन कुठे येतात, हे वहीत टिपून ठेवा.

हायवेवरचा अपघात असेल तर वाटेतूनच फोन करा. नुसतं “बेड आहे का?” विचारलं की “नाही” म्हणणं सोपं जातं. त्याऐवजी सांगा, “पस्तिशीचा पुरुष, डोक्याला मार, जीसीएस ९, बीपी ९० बाय ६०, ऑक्सिजन चालू आहे, वीस मिनिटांत पोचतो.” जीसीएस म्हणजे शुद्धीची पातळी, १५ पैकी. एवढं कळलं की समोरचा डॉक्टरही तयारीला लागतो.

दारात डिपॉझिटचा विषय निघाला तर आवाज न चढवता १९८९चा परमानंद कटारा निकाल सांगा. जखमीचा जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. हॉस्पिटल सरकारच्या महात्मा फुले मोफत उपचार योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) बोलवा आणि नातेवाइकांना रेशन कार्ड, आधार आणायला पाठवा.

एका हॉस्पिटलने आमचा पेशंट बराच वेळ आमच्याच स्ट्रेचरवर ठेवला होता. तेवढा वेळ गाडी अडकली, म्हणजे पुढच्या कॉलला गाडीच नाही. मला त्याचा अजून राग येतो. असं झालं की तिथे वाद घालत बसू नका, पुण्यात औंधला असलेल्या १०८ च्या कंट्रोल रूमला लगेच कळवा. वेळेची नोंद राहते आणि वरिष्ठांना हॉस्पिटलशी बोलता येतं.

पेशंट आणल्याबद्दल कुणी पाकीट पुढे केलं तर पायलटसमोरच (गाडीच्या ड्रायव्हरसमोरच) ठाम नकार द्या. एकदा घेतलंत की पेशंट कुठे न्यायचा, हे पाकीट ठरवतं.

हँडओव्हरला घेणाऱ्या डॉक्टरांची सही आणि वेळ घ्याच. मणक्याचा पेशंट सीटीला जाताना आपला स्पाइन बोर्डही (पाठ हलू नये म्हणून खाली ठेवलेली फळी) सोबत जातो. त्यांचा एखादा बोर्ड बदली मागून घ्या आणि तशी नोंद करूनच गाडी हलवा.