डोनर हार्ट चार तास कसं टिकवायचं

लोकांना वाटतं हार्ट टिकवायचं म्हणजे बर्फाचा डबा आणि ग्रीन कॉरिडॉर, टीव्हीवर तेवढंच दिसतं ना. तुम्ही रिट्रीव्हल टीममध्ये, म्हणजे डोनरकडून हार्ट काढून आणणाऱ्या टीममध्ये, नवीन असाल तर आधी वेळेचं गणित पक्कं करा. साधारण ४ तास मिळतात, पण ते गाडी सुटल्यापासून नाही मोजायचे, डोनरच्या महाधमनीला क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) लागला की सुरू आणि पेशंटच्या छातीत हार्ट शिवून तिथला क्लॅम्प निघाला की संपले. नुसतं शिवायलाच तासभर जातो, म्हणजे काढणं, पॅकिंग, लिफ्ट, रस्ता सगळं धरून उरतात तीनच.

क्लॅम्पच्या आधी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, गेलंय का बघा. मग खालची महाशीर आणि डाव्या कप्प्याची बाजू उघडून हार्ट रिकामं करायचं, नाहीतर ते फुगतं, आणि एकदा स्नायू ताणले गेले की नंतर कितीही गार ठेवा, काही उपयोग नाही. लगेच महाधमनीच्या मुळातून थंडगार कार्डिओप्लेजिया, म्हणजे हार्ट थांबवणारं सोल्युशन. सेंट थॉमस आणि कस्टोडिऑल हे त्याचेच प्रकार. सेंट थॉमसमधलं जास्तीचं पोटॅशियम हार्टला सैल अवस्थेत थांबवतं, कस्टोडिऑल असेल तर ६-८ मिनिटं सावकाश जाऊ द्या, तिथे घाई करू नका प्लीज. धडधड थांबली की ऑक्सिजनची गरज धाडकन खाली येते. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, डबा फक्त ते सांभाळतो.

पॅकिंग तीन स्टराइल पिशव्यांचं. पहिलीत हार्ट थंड सोल्युशनमध्ये पूर्ण बुडालेलं, हवा काढून गाठ, दुसरीत थंड सलाईन, वर तिसरी, मग आइसबॉक्स. बर्फ हार्टला थेट लागता कामा नये!! टार्गेट ४ ते ८ डिग्री, आणि साध्या बर्फात तापमान हळूहळू शून्याकडे सरकत राहतं, त्याने स्नायू खराब होतो. शेर्पापॅकसारखे डबे याचसाठी आलेत, तापमान ४ ते ८ मध्ये धरून ठेवतात.

अंतर फारच असेल तर ओसीएस नावाचं मशीन आहे, त्यात डोनरचंच लिटरभराहून जास्त रक्त फिरवून हार्ट कोमट आणि धडधडतं ठेवतात. भारी प्रकार, पण खर्च अफाट.

आणि पेशंटकडच्या टीमला फोन. हार्ट डोळ्यांनी बघून सर्जन ओके म्हणाला की फोन, क्लॅम्प लागला की फोन, गाडी सुटली की फोन. पेशंटची आधी ओपन हार्ट झालेली असेल तर छाती उघडायलाच जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्या टीमला पहिला फोन जरा लवकरच गेला पाहिजे.