‘१२७ अवर्स’ असा बघा आणि मगच ट्रेकची सॅक भरा : सोलापूरच्या पोरांसाठी

सोलापुरातून सह्याद्री लांब पडतो हे खरंय, पण शुक्रवारी रात्री गाडी पकडून राजगड नाहीतर तोरणा करायचा आणि सोमवारी सकाळी परत कामावर हजर, अशी पोरं-पोरी आता आपल्याकडं भरपूर झालीत. आणि त्यातले बरेचजण घरी फक्त "पुण्याला चाललोय" एवढंच सांगून निघतात. कुठला गड, कुठल्या वाटेनं, सोबत कोण, काही नाही. आई विचारते तर "येतो गं उद्या". हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण.

‘१२७ अवर्स’ बऱ्याच जणांनी अर्धवट बघितलाय, म्हणजे तो हात कापायचा सीन तेवढा मोबाईलवर बघितलाय. तसं करू नका. २०१० चा पिक्चर आहे, ‘स्लमडॉग मिलेनियर’वाला डॅनी बॉयल डायरेक्टर, जेम्स फ्रँको हिरो, म्युझिक आपल्या ए. आर. रहमानचं, ऑस्करला ६ नॉमिनेशन होती आणि त्यात बेस्ट पिक्चरचं पण होतं. लांबी दीड तासाच्या वर चार-पाच मिनिटं, बस. गोष्ट खरी आहे. ॲरन राल्स्टन नावाचा २७ वर्षांचा गडी, इंजिनिअर, नोकरी सोडून डोंगर चढणारा, २६ एप्रिल २००३ ला अमेरिकेतल्या युटामध्ये ब्लू जॉन कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत एकटा उतरला. उतरताना वर अडकलेला एक मोठा दगड हलला आणि त्याचा उजवा हात दगड आणि भिंतीच्या मधे चिरडला गेला. दगड साधारण ३६० किलोचा. तो १ मे ला सुटला, स्वतःचा हात कापून.

आता बघायचा कसा ते सांगतो. एकट्यानं बघू नका. जो माणूस तुम्ही ट्रेकला गेल्यावर घरी थांबणार आहे, आई असो, बायको असो, रूममेट असो, त्याला शेजारी बसवून बघा. कारण या पिक्चरमधला अर्धा धडा ट्रेक करणाऱ्यासाठी आहे आणि अर्धा घरी थांबणाऱ्यासाठी, आणि तो दुसरा अर्धा कुणी शिकतच नाही. शेवटाकडचा हात कापायचा भाग लई अंगावर येतो, काही मिनिटांचाच आहे पण थिएटरात लोकांना चक्कर आल्याच्या बातम्या आलेल्या, म्हणून लहान पोरांना आणि ज्यांना रक्त बघवत नाही त्यांना तेवढ्यापुरतं बाहेर पाठवा, बाकीचा पिक्चर सगळ्यांनी बघण्यासारखा आहे.

सुरुवातीची पाच मिनिटं नीट बघा, गाणं चालू आहे म्हणून मोबाईल काढू नका. तो घाईघाईत सॅक भरतोय. कपाटाच्या वरच्या फळीवर हात घालून चाचपडतो, चांगला चाकू तिथंच पडलाय, बोटं अगदी जवळ जातात पण तो दिसत नाही आणि राहून जातो. घरचा फोन येतो तो उचलत नाही. निघतो. पुढं घळीत त्याच्याकडं असतं एक स्वस्तातलं मल्टिटूल, म्हणजे चाकू-पक्कड एकातच असलेलं अवजार, त्यानं आधी दगड फोडायला बघतो, त्यात त्याची उरलीसुरली धार पण जाते. इथं पिक्चर पॉज करा आणि शेजारी बसलेल्याला सांगा की याच्यापेक्षा मोठी गोष्ट त्या घाईत राहिलीय, ती म्हणजे कुठं चाललोय हे त्यानं एकाही माणसाला सांगितलेलं नाही.

नंतर प्रत्यक्षात काय झालं बघा. हा तेव्हा डोंगर चढायच्या सामानाच्या दुकानात कामाला होता, तिथं आला नाही म्हणून लोकांना काळजी वाटली, आईनं शोधाशोध चालू केली, त्याची गाडी कुठं उभी आहे ते कळलं, आणि त्यामुळं तो हात कापून, एका हातानं दोरावरून साधारण २० मीटरचा कडा उतरून, उन्हात चालत निघाला तेव्हा हेलिकॉप्टर त्या भागात शोधायला आलेलं होतं. आधी वाटेत एक फिरायला आलेलं डच कुटुंब भेटलं, त्यांनी पाणी आणि बिस्किटं दिली. म्हणजे शोधणारे येणारच होते, पण त्यांना फक्त घळीचं नाव आणि परत यायची वेळ माहीत असती तर ते कितीतरी आधी आले असते. सगळा पिक्चर त्या एका चिठ्ठीवर उभा आहे जी लिहिलीच गेली नाही.

म्हणून पहिलं काम चिठ्ठी. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल पण नीट लिहा, "राजगडला चाललोय" ही चिठ्ठी नव्हे. राजगडला पालीकडून चढतात, गुंजवण्याकडून पण चढतात, दोन्ही वाटा गडाच्या वेगवेगळ्या बाजूंना, शोधणाऱ्यानं कुठून सुरू करायचं? असं लिहा :

"आई, शनिवारी सकाळी राजगड, जिल्हा पुणे. पाली गावातून पाली दरवाज्यानं चढणार, गुंजवण्यात उतरणार. संजीवनी माचीपर्यंत जाऊन येणार, दुसरीकडं कुठं नाही. आम्ही चौघं, सगळ्यांचे नंबर खाली टाकलेत. गाडी पालीत लावणार, नंबर खाली आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास खाली आलो की फोन करतो. रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर वाट बघू नको, ११२ ला फोन कर आणि हाच मेसेज वाचून दाखव."

यात दोन वेळा आहेत ते बघा, ते मुद्दाम आहे. सहा ही आपली अंदाजाची वेळ, उशीर होतो, रेंज जाते, कुणाचा पाय मुरगळतो, तेवढ्यासाठी आईनं घाबरायचं नाही. दहा ही शेवटची वेळ, तिच्या पुढं एक मिनिट थांबायचं नाही. एकच वेळ दिली तर घरचे एकतर सहालाच रडारड करतात नाहीतर "येईल की, पोरं आहेत, बसली असतील कुठंतरी" म्हणत सकाळ करतात, आणि रात्रीचे ते आठ तासच सगळ्यात महागात पडतात. आणि वाट बदलली, गड बदलला, पालीऐवजी तोरण्याकडं सरकलात तर रेंज असेपर्यंतच नवीन मेसेज टाकायचा, नाहीतर लोक तुम्हाला भलत्याच डोंगरावर शोधत बसतील.

घरी थांबणाऱ्यानं काय करायचं ते पण त्याच दिवशी बोलून ठेवा. ११२ सगळ्या राज्याला एकच आहे, सोलापुरातून लावला तरी गडाचं नाव, गाव, जिल्हा सांगितला की तिकडच्या पोलिसांपर्यंत निरोप जातो. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर म्हणून गिर्यारोहकांची हेल्पलाईन आहे, तिचा नंबर आधीच शोधून घरच्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, तुमच्या फोनमध्ये असून उपयोग नाही, तुमच्या फोनला तर रेंजच नसणार. आणि पायथ्याला ज्या घरी पोहे खाल्ले, चहा घेतला, त्या मावशींचा नाहीतर दादांचा नंबर घ्या, त्यांना पण सांगा की आम्ही अमुक वाटेनं चाललोय, अंधार पडायच्या आत येतो. डोंगरात काही झालं तर पहिल्यांदा धावत येतात ती गावातलीच माणसं, रेस्क्यूवाले पुण्यावरनं पोचेपर्यंत वेळ जातो. चढायच्या आधी सगळ्यांचा एक उभा फोटो काढून घरी टाका, अंगावरचे कपडे, बूट, सॅकचा रंग दिसला पाहिजे.

आता सॅक. पिक्चरमध्ये अडकल्यावर तो एक फार शहाणपणाचं काम करतो, जवळ आहे नाही ते सगळं त्या दगडावर मांडून ठेवतो आणि एकेक वस्तूचा विचार करतो. पाणी किती तर थोडंसं, साधारण ३५० मिली. दोर, टॉर्च, कॅमेरा, थोडं खायला. आपण हेच आदल्या रात्री घरी करायचं. हॉलमध्ये चादर पसरा, सोलापुरात चादरीला काय तोटा, आणि सगळं सामान तिच्यावर मांडा आणि प्रत्येक वस्तूकडं बघून विचारा की मी एका जागी रात्रभर अडकलो तर हिचा काय उपयोग. मग आपोआप कळतं की तीन टी-शर्ट कशाला घेतले आणि टॉर्च एकच का घेतला. डोक्याला लावायचा टॉर्च आणि वेगळे सेल, शिट्टी, धार असलेला चाकू, क्रेप बँडेज, पातळ पण मजबूत दोरी, पॉवर बँक, फुल बाह्यांचा गरम शर्ट एवढं प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाहिजे, ग्रुपमध्ये मिळून एक नको, कारण जो मागं राहतो त्याच्याकडं ती सॅक नसते.

गरम शर्टाचं आपल्या लोकांना पटत नाही. एप्रिलमध्ये ४२-४३ डिग्रीत राहणाऱ्याला कोण सांगणार थंडीचं. पण पिक्चर बघा, वाळवंट आहे आणि महिना पण एप्रिलचाच, तरी रात्री तो हाफ पँटमध्ये कुडकुडतोय, दोर पायाला गुंडाळून घेतोय. त्या खोल घळीत ऊन सकाळी थोडा वेळ येतं आणि जातं, तेवढ्या उन्हासाठी तो पाय लांब करून वाट बघत असतो. सह्याद्रीत पण कड्याच्या सावलीत, वाऱ्यावर, घामानं भिजलेल्या कपड्यात रात्र काढायची वेळ आली तर हाडं गोठतात.

पाण्याबद्दल मात्र आपण सोलापूरकर जास्त शिकलेले असायला पाहिजे आणि तिथंच फसतो. आपल्या कोरड्या हवेत घाम येतो आणि तिथल्या तिथं वाळतो, त्यामुळं किती पाणी गेलं ते कळत नाही, युटाच्या वाळवंटात पण हेच होतं. उन्हात चढ असेल तर तासाला अर्धा लिटर तरी धरा, म्हणजे दिवसभराच्या गडाला माणशी तीन-चार लिटर, आणि गडावरच्या टाक्यात पाणी असेल या भरवशावर निघायचं नाही. ओआरएसचं पाकीट घ्या आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद पिवळी व्हायला लागली, डोकं दुखतंय, चक्कर येतेय तर सावलीत बसायचं, गड कुठं पळून जात नाही. कुणी असंबद्ध बोलायला लागला तर ती मस्करी समजू नका, तो उष्माघात असू शकतो, ओल्या फडक्यानं अंग पुसत, वारा घालत मदत बोलवा. पिक्चरमध्ये तो शेवटी स्वतःची लघवी पितो, ते बघून कुणी तसलं डोकं लावू नका, शरीरानं बाहेर टाकलेलं मीठच परत आत जातं.

खायला आपल्याकडं जे आहे तसं कुणाकडंच नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, ना फ्रिज लागतो ना गॅस, खराब होत नाही, सॅकमध्ये तुकडे झाले तरी चव तीच. दिवसाच्या खाण्यापेक्षा एक वेळचं जास्त घ्या आणि ते जास्तीचं वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. चटणीवर पाणी जास्त लागतं, तेवढं मात्र धरून चला.

चालताना लक्षात ठेवायचं ते त्या दगडाचं. तो दगड त्याला पक्का वाटला होता, त्यानं वजन टाकलं आणि दगड फिरला. आपल्याकडं पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद उभ्या वाटेत, आणि घळीत असले मोकळे दगड भरपूर असतात आणि घसारा, म्हणजे पायाखालनं सरकणारी माती-खडी, तर असतोच. कुठल्याही दगडावर लोंबकळायच्या आधी हातानं हलवून बघा, पायानं दाबून बघा, आवाज पोकळ आला तर सोडा. नाळेत एका वेळी एकजण, बाकीचे बाजूला आडोशाला, खालचा निघेपर्यंत वरच्यानं पाय हलवायचा नाही. दगड सुटला तर लाजू नका, "दगड" म्हणून जोरात ओरडा. एकट्यानं जाऊ नका असं मी म्हणत नाही, काहीजण एकटेच जातात आणि नीट येतात, पण पहिल्या काही ट्रेकला तरी तिघा-चौघांनी जा, म्हणजे एक पडला तर एक त्याच्याजवळ बसतो आणि दोघं खाली मदतीला जातात.

आणि अडकलातच तर? आधी बसा. हातपाय झाडून ताकद घालवू नका, त्याचा पहिला तास असाच दगडाला धक्के मारण्यात गेलेला दिसतो. पाणी वाचवायचं म्हणजे तहान मारायची असं नाही, घाम वाचवायचा, सावलीत थांबायचं. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत राहून ऐकायचं, मग परत सहा. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरनं लागू शकतो, म्हणून लावून बघाच, आणि फोन लागत नसेल तेव्हा एसएमएस कधीकधी निघून जातो. ग्रुपमधल्या कुणाचा हात-पाय दगडाखाली आला आणि लगेच उचलता येतोय तर उचला, पण कित्येक तास दबलेला असेल तर फोनवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दगड हलवू नका, एकदम सोडला तर दबलेल्या भागातलं विष रक्तात जाऊन जीवाला धोका होतो. त्यानं जे केलं ते जवळजवळ पाच दिवसांनी केलं, हात मेलेला होता आणि दुसरा कुठलाच रस्ता उरला नव्हता, ती शिकायची गोष्ट नाही.

पहिल्यांदाच जाणार असाल तर थेट सह्याद्री कशाला, एका रविवारी नळदुर्ग करा. ४५-५० किलोमीटरवर आहे, भलामोठा किल्ला आहे, उन्हात पूर्ण तटावरनं फिरलात की सॅक किती जड झालीय, पाणी किती लागतं, बूट कुठं चावतात सगळं कळतं. आणि तिथं जाताना पण घरी पूर्ण चिठ्ठी टाका, दोन्ही वेळांसकट, म्हणजे घरच्यांची पण प्रॅक्टिस होते.

परत खाली आलात की पहिला फोन त्या चिठ्ठीवाल्याला, मग चहा. पायथ्याच्या मावशींना पण सांगून निघा. सगळे उतरलो, कुणी मागं राहिलं नाही, असं मोजून सांगायचं, कारण "आम्ही पोचलो" म्हणून मेसेज टाकणारा पुढचा असतो आणि शेवटचा गडी अजून वाटेत असतो. रेंज गेली आणि शेवटची वेळ टळून घरच्यांनी ११२ ला फोन केलाच असेल तर त्यांच्यावर चिडू नका, उलट लगेच ११२ ला परत फोन करून आम्ही सुखरूप आहोत ते कळवा, म्हणजे निघालेली माणसं रात्रीची उगाच डोंगर चढणार नाहीत.