कम्युनिटी कॉलेजातून मेकॅनिकल: माझं एक वर्ष गेलं, त्यावरून केलेली यादी

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचे विषय करून तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत जाता येतं, त्याला ट्रान्सफर म्हणतात. ही यादी त्यासाठी. बाकी यादी नंतर वाचलीस तरी चालेल, हे आत्ता वाच. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात एखादा विषय केला असशील, तर त्याचं प्रीरेक्विझिट क्लिअरन्स (आधी लागणारा विषय झालाय, याची आपल्या कॉलेजाची मंजुरी) रजिस्ट्रेशन उघडायच्या निदान महिनाभर आधी करून घे. मी केलं नव्हतं.

फिजिक्समधली मेकॅनिक्स मी उन्हाळ्यात शेजारच्या कॉलेजात उरकली, 'ए' मिळाला, खूश होतो. नोव्हेंबरात स्प्रिंगचं (जानेवारीपासूनच्या टर्मचं) रजिस्ट्रेशन सकाळी सातला उघडलं. स्टॅटिक्सला (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय, मेकॅनिक्सनंतरचा) चोवीस जागा होत्या. सात वाजून दोन मिनिटांनी बटण दाबलं, तर लाल अक्षरांत उत्तर: प्रीरेक्विझिट पूर्ण नाही. माझा 'ए' माझ्याच कॉलेजाला माहीत नव्हता. एका कॉलेजातले मार्क दुसऱ्याकडे आपोआप जात नाहीत, ते आपणच नेऊन द्यायचे असतात. फॉर्म भरला, तो मंजूर व्हायला आठ दिवस लागले, तोवर वर्ग भरला आणि मी वेटलिस्टवर अकरावा. आमच्याकडे स्टॅटिक्स वर्षातून एकदाच, स्प्रिंगला चालायचं. म्हणजे ट्रान्सफर एक वर्ष पुढे. आईला फोनवर हे समजावताना ती एवढंच म्हणाली, "अरे, एक फॉर्म?" हो, एक फॉर्म.

आता माझी मावसबहीण ऑगस्टपासून कॅलिफोर्नियातच, मेकॅनिकलच सुरू करतेय, म्हणून हे एकदाचं लिहून काढतोय. बाकीच्या राज्यांचे नियम वेगळे असतात, ही यादी तिकडे जशीच्या तशी लावू नका.

पैशांचं सगळ्यांना माहीत असतं. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट. रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस लागतो, त्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेव. महाराष्ट्रातून बारावी करून आला असशील, तर इंटिग्रेशन कितीही पाठ असो, त्याचं इथे क्रेडिट धरत नाहीत. कॅल्क्युलस पहिल्यापासून. रडू नकोस, सोपं जातं.

मग असिस्ट. ही राज्याची अधिकृत साइट. आपलं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर (मुख्य शाखा) निवडलं, की डावीकडे त्यांचा विषय आणि उजवीकडे आपल्याकडचा त्याला चालणारा विषय दिसतो. जिथे जिथे अर्ज करणार, त्या प्रत्येक ठिकाणची ही जोड्यांची यादी (तिला करार म्हणतात) उतरवून घे. एकाच ठिकाणचा बघून सगळीकडे तेच असेल असं धरू नकोस. प्रोग्रामिंगमध्ये कुणी मॅटलॅब मागतं, कुणी सी प्लस प्लस. केमिस्ट्री कुठे एका सेमिस्टरची पुरते, कुठे पुरत नाही. आणि उजवीकडे 'आर्टिक्युलेटेड कोर्स नाही' असं दिसलं, तर त्याला चालणारा विषय तुझ्या कॉलेजात नाही, शेजारी जाऊन करावा लागेल. शेजारी जाऊन म्हटलं की काय? क्लिअरन्स. स्टॅटिक्स, मटेरियल्स, सर्किट्स, कॅड यांच्या बाबतीत छोट्या कॉलेजांत हे हटकून होतं.

सेमिस्टर (वर्षाला दोन मोठ्या टर्म) आणि क्वार्टर (तीन छोट्या टर्म) यांची भेसळ करू नकोस. बे एरियात डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, आजूबाजूची बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर. सेमिस्टरवाल्यांकडे फिजिक्सची मालिका सहसा तीन भागांची, डी अँझात चार. दोन भाग इथे आणि एक तिथे केलास तर मधला एखादा धडा दोन्हीकडून सुटतो, आणि युनिव्हर्सिटी पूर्ण मालिका एकाच कॉलेजातून मागू शकते. मी केलं ते या दृष्टीनेही मूर्खपणाचं होतं, फक्त नशिबाने त्यात अडकलो नाही. हिशेब दीडाचा: ६० सेमिस्टर युनिट म्हणजे ९० क्वार्टर युनिट, आणि तिसऱ्या वर्षात घ्यायला तेवढी लागतात.

विषयांची साखळी कागदावर शेवटाकडून मांड, आणि वहीत मांड, डोक्यात नाही. स्टॅटिक्सच्या आधी मेकॅनिक्स, मेकॅनिक्सच्या आधी कॅल्क्युलसचा पहिला भाग. डिफरन्शियल इक्वेशन्सच्या आधी दुसरा भाग तरी. प्रत्येक विषयापुढे तो कुठल्या टर्मला चालतो ते लिही, गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं बघून. वर्षातून एकदाच चालणाऱ्या विषयाभोवती लाल गोल काढ. मुलं कमी पडली तर वर्ग रद्दही होतो, म्हणून दुसऱ्या कुठल्या कॉलेजात तोच विषय आहे हे शेजारी लिहून ठेव. आणि त्याच्याही शेजारी लिही: क्लिअरन्स. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात असेल तर सगळी साखळी एक टर्म पुढे सरकते. दोन वर्षांत होईल अशी स्वतःची समजूत घालू नकोस, तीन धर.

काउन्सिलरकडे जा, पण इंजिनिअरिंग बघणाऱ्या काउन्सिलरकडे. मला भेटलेल्या पहिल्या बाईंनी जनरल एज्युकेशनचे (मेजरबाहेरचे, सगळ्यांना लागणारे) सगळे विषय आधी उरकायला सांगितले. सायकॉलॉजीला तो सल्ला ठीक आहे. मेकॅनिकलला आधी गणित, फिजिक्स आणि मेजरचे विषय, कारण बहुतेक युनिव्हर्सिटी ते पूर्ण आहेत का हेच बघतात. २०२५च्या फॉलपासून (ऑगस्टच्या टर्मपासून) जनरल एज्युकेशनचा कॅल-गेटसी नावाचा नवा साचा आलाय, तो पूर्ण भरायचाच असा हट्ट धरू नकोस. इंग्रजीचे दोन विषय मात्र लवकर उरक.

मार्कांचं एक विचित्र आहे. 'सी' मिळाला तर तो विषय पुन्हा करता येत नाही, तो तसाच राहतो. 'सी'पेक्षा कमी असेल तरच पुन्हा, तेही एकूण तीनच प्रयत्न. विषय मध्येच सोडून विथड्रॉ घेतला तरी तो प्रयत्नात मोजतात. म्हणून कॅल्क्युलस दोन, फिजिक्स आणि केमिस्ट्री एकाच टर्मला घेऊन वर कॉस्टकोच्या दुकानात आठवड्याला वीस तास नोकरी, असलं शौर्य नको.

एच-फोरवर (एच-वनवाल्या पालकांमुळे मिळणाऱ्या व्हिसावर) असशील तर २१ वर्षं कधी पूर्ण होतात ते आजच कॅलेंडरात टाक, तेव्हा तो संपतो आणि स्टेटस बदलायला महिने जातात. एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) असशील तर टर्मला १२ युनिट, आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरतात. उन्हाळ्यात शेजारच्या कॉलेजात विषय घ्यायचा असेल तर इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचार.

आता पुन्हा क्लिअरन्स, कारण इथवर येईपर्यंत विसरला असशील. लागतं काय? ग्रेड लागलेल्या ट्रान्सक्रिप्टची (सगळ्या विषयांच्या मार्कांच्या पत्रकाची) पीडीएफ, अनऑफिशियल बहुधा चालते. त्या कॉलेजाच्या कॅटलॉगमधलं त्या विषयाचं पान. आपल्या कॉलेजाचा फॉर्म. पाठवल्यावर आलेली 'मिळालं' ही ईमेल म्हणजे मंजुरी नव्हे. मी दुसऱ्यांदा तिथेही फसणार होतो. पोर्टलमध्ये जाऊन विषय कार्टमध्ये टाक, तपासणीचं बटण असेल तर दाबून बघ, लाल काही दिसलं तर फोन कर, फोन उचलला नाही तर खिडकीपाशी जाऊन उभा राहा. एपी कॅल्क्युलसचा (हायस्कूलात देतात त्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेचा) स्कोअर असेल तर त्यालाही हेच लागू. हायस्कूलने पाठवला असेल, असं म्हणू नकोस. कुणीही काहीही पाठवलेलं नसतं.

जुनी फी थकली असेल तर होल्ड लागतो आणि नाव नोंदवता येत नाही, रजिस्ट्रेशनच्या आदल्या आठवड्यात बघ. पार्किंगचा दंडसुद्धा पुरतो.

कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाचा फॉल. हमखास प्रवेशाचा टॅग (प्रवेशाची हमी देणारा करार) यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच ठिकाणी असतो. त्यातलं एकच निवडता येतं, अर्ज १ ते ३० सप्टेंबर. त्यातही इंजिनिअरिंगला सगळीकडे लागू नाही, आणि सँटा क्रूझला मेकॅनिकल मेजरच नाही. आधी बघ, मग स्वप्नं रंगव. यूसी आणि कॅल स्टेट (राज्याची दुसरी युनिव्हर्सिटी) यांचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेवटच्या रात्री साइट रांगते. दुसऱ्या कॉलेजात केलेला प्रत्येक विषय अर्जात लिही, नापास झालेलाही. लपवलेला सापडतो.

जानेवारीत यूसीचा अपडेट फॉर्म भर. फॉलचे मार्क आणि स्प्रिंगचे विषय. बदललेला विषय न कळवता गप्प बसू नकोस.

मार्च-एप्रिलात निकाल येतात. स्प्रिंगमध्ये ढिला पडू नकोस, प्रवेश त्या मार्कांवर अडकलेला असतो. राहायची सोय लवकर बघ. एफ-वन असेल तर व्हिसाचं रेकॉर्ड नव्या ठिकाणी पाठवण्याची तारीख दोन्ही ऑफिसांशी बोलून ठरव. शेवटची ट्रान्सक्रिप्ट स्प्रिंगचे ग्रेड लागल्यावरच मागव, आधी मागवलीस तर अर्धवट जाते. यूसीला ती १ जुलैपर्यंत पोचायला लागते. जिथे जिथे शिकलास त्या प्रत्येक कॉलेजातून वेगळी. शेजारचं उन्हाळ्यातलं कॉलेजही त्यात येतं.

आणि युनिव्हर्सिटीच्या ओरिएंटेशनला जाताना सगळ्या ट्रान्सक्रिप्टच्या प्रती फोनमध्ये ठेव. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला नाव नोंदवताना तिथल्या सिस्टिमला तुझं स्टॅटिक्स अजून दिसत नसतं. मलाही पुन्हा लाल अक्षरं दिसली. या वेळी पीडीएफ खिशात होती, दुपारी दोनपर्यंत जागा मिळाली.