सोबतीची पिकं (एकमेकांना मदत करणारी, शेजारी लावायची पिकं) लावायचीयेत? बी टाकायच्या आधी एवढं करून ठेवा

आधी कागदावर वाफा काढा आणि ऊन कुठून कुठे सरकतं ते त्यात मांडा, कारण मका किंवा मांडवावरचा वेल चुकीच्या बाजूला आला की शेजारचं सगळं सावलीत जातं. पालक, कोथिंबिरीला थोडी सावली चालते, त्यांना उंच झाडांच्या पायथ्याशी जागा द्या. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा सगळे एकाच कुळातले, टोमॅटो-बटाटा तर अजिबात शेजारी नको, करपा दोघांनाही होतो.

मग झेंडू. कडेला लावला की कीड जाते, असा त्याच्याबद्दल फार गैरसमज आहे. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (अगदी बारीक जंत) जमिनीत असतील तर कडेला दोन रोपं लावून काही होत नाही, त्याच वाफ्यात दोनेक महिने आधी दाट झेंडू वाढवावा लागतो. फळ पोखरणाऱ्या अळीचं गणित वेगळं: लावताना टोमॅटोची रोपं साधारण 25 दिवसांची आणि मोठ्या फुलाच्या झेंडूची 40-45 दिवसांची हवीत, म्हणजे झेंडूचं बी दोन-तीन आठवडे आधी पडायला हवं, तरच दोघं एका वेळी फुलावर येतात आणि त्या अळीचा पतंग अंडी घालायला टोमॅटोऐवजी झेंडूकडे वळतो. कोबीसाठी मोहरीही अशीच, साधारण 15 दिवस आधी पेरा. पण असा सापळा, म्हणजे कीड स्वतःकडे ओढून घेणारं पीक, लावला की तो रोज बघायचा हं! मोहरीच्या शेंड्यावर मुंग्यांची ये-जा दिसली की शेंडा उलटा करून पाहा, बहुतेक वेळा खाली मावा (रस शोषणारी बारीक कीड) चिकटलेला असतो, तो शेंडा तिथेच खुडा, नाहीतर सापळ्यातूनच कीड सगळीकडे पसरते.

कोथिंबीर, शेपूचं बी जास्तीचं आणा, थोडी झाडं फुलायला सोडायची, त्यांच्या बारीक फुलांवर मावा खाणाऱ्या किडी येतात. घेवडा मक्यावर चढवायचा असेल तर मका वीतभर झाल्यावरच पेरा. आणि कात्री हाताशी ठेवा, कारण घेवडा संपल्यावर उपटायचा नाही, जमिनीलगत कापायचा, मुळं कुजली की त्यातलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं. गाजराच्या ओळीत मुळ्याचं बी मिसळा, तो चार-पाच दिवसांत उगवून ओळ दाखवतो आणि गाजर भरायच्या आत निघूनही जातो. पुदिना सगळी जागा खातो आणि बडीशेप शेजाऱ्यांची वाढ दाबते, दोघांसाठी वेगळ्या कुंड्या भरून ठेवा.