किलो, पीएसआय, बार: ड्रिपच्या काट्यावरचा आकडा वाचायचा कसा

एप्रिल लागला की आमच्या जालन्याकडं मोसंबीवाल्यांचा एकच प्रश्न, ड्रिपला प्रेशर येईना झालंय, मोटर तर तीच हाय मग झालं काय. मोटर वर काढायच्या आधी काटा, म्हणजे पाईपावरचं प्रेशर दाखवणारं घड्याळ, वाचायला शिका, एवढंच सांगायचंय. आम्ही एका उन्हाळ्यात मोटर रिवाइंडिंग करून आणली, पैसे गेले अन् प्रेशर होतं तेवढंच राहिलं, कारण बोअरचं पाणी खाली गेलं होतं अन् ते आम्ही मोजलंच नव्हतं.

आपण "दोन किलो प्रेशर" म्हणतो ते खरं म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर, नखाएवढ्या जागेवर, दोन किलोचं वजन. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पाउंड. बार हे दाबाचंच आणखी एक माप. 1 किलोचे साधारण 14.2 पीएसआय, 1 बारचे 14.5, म्हणजे किलो अन् बारमध्ये दोनच टक्क्यांचा फरक, शेतात दोन्ही एकच धरा. काट्यावर बऱ्याचदा दोन पट्टे असतात, एक किलोचा अन् एक पीएसआयचा, तर आधी अक्षरं बघा मग आकडा. गाडीच्या स्टिकरवर टायरच्या हवेसाठी 230 केपीए (किलोपास्कल, हेही दाबाचं माप) लिहिलेलं असलं तर शंभरानं भागा, 2.3 बार, म्हणजे पंक्चरवाल्याला 33 पीएसआय सांगायचं. हवा सकाळी टायर थंड असताना चेक करा, उन्हात पळून आलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो.

आता पाण्याचा हिशोब, हा पाठच करून ठेवा: 33 फूट उभं पाणी म्हणजे 1 किलो. घराच्या गच्चीवरची टाकी नळापासून 12 फूट उंच असली तर नळाला अर्धा किलोसुद्धा मिळत नाही, शॉवर बारीक येतो तो त्यामुळं. अन् बोअरमध्ये पाणी 150 फुटावरून 250 वर गेलं की तेवढंच पाणी जमिनीपर्यंत आणायला पंपाला 3 किलो जास्तीचे लागतात, मग ड्रिपला काय उरणार? ड्रीपरला, म्हणजे झाडापाशी थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीला, साधारण 1 किलो तरी पाहिजे, म्हणून दोन व्हॉल्व्ह एकदम चालवत असाल तर एकच चालवा, पाणी कमी सोडलं की काटा वर येतो.

विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक (मोटर अन् पंप एकत्र असलेला, पाण्याच्या वर बसवलेला) असेल तर गोष्ट वेगळी. मोटर पाणी वर ओढते असं आपण म्हणतो पण ती फक्त पाईपातला दाब कमी करते, पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. काटा उघड्यावर 0 दाखवतो तेव्हाही आपल्यावर जवळपास 1 किलोचा हवेचा दाब असतोच, काटा तो धरत नाही एवढंच. समुद्रकाठी हा दाब 1013 हेक्टोपास्कल (हजार म्हणजे 1 बार), संभाजीनगर साडेपाचशे मीटर उंचावर असल्यानं तिथं 950 च्या आसपास. म्हणून समुद्रकाठी पाणी फार तर 34 फूट चढेल, आपल्याकडं 32, अन् पाईपातलं घर्षण, फुटव्हॉल्व्ह (पाईपाच्या खालच्या टोकाची झडप), गरम पाणी हे सगळं धरलं तर 20-22 फुटापुढं भरवसा ठेवू नका. उन्हाळ्यात मोटर खाली सरकवावी लागते ती याच्यासाठी, तिथं जास्त एचपीची मोटर आणून काहीच होत नाही.

दवाखान्यातलं 120/80 हे पाऱ्याचे मिलिमीटर. पारा पाण्याच्या 13.6 पट जड म्हणून छोटी नळी पुरते, पाण्यानं बीपी मोजायचं म्हटलं तर 120 साठी 163 सेंटीमीटर, माणसाएवढी नळी लागेल.

शेवटचं काम फिल्टरचं. त्याच्या अलीकडं एक अन् पलीकडं एक असे दोन काटे बसवा. दोन्हीतला फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर चोक झालाय, धुवून काढा. धुतल्यावर फरक कमी झाला अन् तरी शेवटच्या झाडाला पाणी पोचेना, तर मग दोरी घेऊन बोअरची पातळी मोजा.