जिना उतरताना दुखणारा गुडघा

जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघ्याच्या वाटीमागून कळ यायची. बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडतच. एक्स-रेमध्ये हाडं ठणठणीत. कॅल्शियमच्या गोळ्या सुचवणारे भरपूर भेटले, पण दुखणं हाडाचं नव्हतंच.

फिजिओथेरपिस्टने वाटीवर बोट ठेवून समजावलं ते पटलं. वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) बसलेलं सुटं हाड. गुडघा वाकला की ते मांडीच्या हाडाच्या खाचेत सरकतं. उतरताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर. स्नायू अशक्त असला की वाटीमागे त्रास सुरू. वाटीमागच्या कूर्चेला, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि त्यासाठी हालचाल लागते. त्यामुळे नुसतं पडून राहणं बाद.

व्यायाम महाकंटाळवाणा. उताणं झोपायचं, एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजायचे, सावकाश खाली. मग कुशीवर वळून वरचा पाय उचलायचा. हा कमरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी, आणि नेमका हाच लोक गाळतात. उकिडवं बसणं काही काळ बंद, जिना कठडा धरून.

फरक हळूहळू पडला; पहिले काही आठवडे तर वैतागच. आता कळ नाही. कटकट आवाज अजून येतो, पण दुखत नसेल तर त्याची काळजी नको. गुडघा सुजला, अडकला किंवा लाल-गरम झाला तर मात्र व्यायाम थांबवून सरळ डॉक्टर गाठा.